‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ : एका इंग्रजी वचनाचे लेखन, उच्चार आणि मूळ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी समाजाला जे आदेश दिले, त्यांपैकी तीन शब्दांच्या आदेशाइतका घरोघरी पोहोचलेला दुसरा आदेश क्वचितच असेल. वाशीम–पुसद मार्गावरील अनसिंगसारख्या गावात विहाराची भिंत असो, वाचनालयाचा फलक असो, लग्नपत्रिकेचा माथा असो की १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील कापडी पट्टी असो, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे शब्द डोळ्यांत भरतात. पुष्कळदा त्याखाली तेच वचन इंग्रजीत दिलेले असते आणि गोंधळास आरंभ होतो तो येथे. इंग्रजीतील दुसरा शब्द कधी दुसऱ्या जागी असतो, कधी तिसऱ्या. शेवटच्या शब्दात कोठे ‘एस’ असतो, कोठे ‘झेड’. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले असतील तर ‘एजुकेट’, ‘एज्युकेट’, ‘अजिटेट’, ‘ॲजिटेट’, ‘ऑर्गनाईज’, ‘ऑर्गनाइझ’ अशी सर्व रूपे आढळतात.

प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा असता तर त्यासाठी या नियतकालिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. मराठी अनुवादात शब्दांचा क्रम बदलला आहे, ही गोष्ट आता अनेकांच्या लक्षात आली आहे आणि तिच्यावर सभासंमेलनांतून हमरीतुमरीने वादही होतात. परंतु क्रमाहून मोठा फरक क्रियापदाच्या रूपात पडला आहे. त्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. काही मंडळींनी ‘शिकवा, चेतवा, संघटित करा’ असा अनुवाद केला, तो मूळच्या अधिक जवळ आहे. पण फलकांवर तो रुजला नाही. तो का रुजला नाही आणि रुजावयास का हवा होता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लेखनाची बाब प्रथम निकालात काढू. ‘ऑर्गनाइझ’ हा शब्द ‘एस’ने लिहावा की ‘झेड’ने, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही रूपे शुद्ध, असे आहे. ‘झेड’ अमेरिकन आणि ‘एस’ ब्रिटिश, ही आपल्याकडील शिक्षकवर्गात पसरलेली समजूत बरोबर नाही. हा प्रत्यय मुळात ग्रीक असून त्यात ‘झेड’चाच ध्वनी होता. फ्रेंचमार्गे येताना त्याला ‘एस’ लागला. ऑक्सफर्डचे कोशकार ग्रीक मुळाला धरून आजही ‘झेड’लाच प्राधान्य देतात. तेव्हा एखाद्या तरुणाने ‘झेड’ लिहिला म्हणून त्याचे इंग्रजी कच्चे ठरवू नये. लेखन हे राज्यकर्त्यांच्या कानावर व सोयीवर कसे अवलंबून असते, हे वाशीमकरांना वेगळे सांगावयास नको. वाकाटकांच्या शिलालेख-ताम्रपटांच्या काळातील वत्सगुल्म ते हेच नगर. इंग्रजी अमदानीत सरकारी दप्तरात त्याचे लेखन ‘बासीम’ असे होत असे आणि ते तसे होते म्हणून गाव काही बदलले नाही.

उच्चाराची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. हे तिन्ही इंग्रजी शब्द प्रत्येकी तीन अवयवांचे आहेत आणि तिन्हींत आघात पहिल्या अवयवावर पडतो. पहिल्या दोन शब्दांचा शेवट सारखा, म्हणजे ‘-एट’ असा आहे, तिसऱ्याचा वेगळा. दोन सारखे आणि तिसरा वेगळा, अशी ही ठेवण असल्यामुळे इंग्रजी कानाला वचन तिसऱ्या शब्दावर पूर्ण झाल्यासारखे वाटते. ‘ऑर्गनाइझ’ मध्ये घातला तर ही ठेवण मोडते. मराठीत गणित उलटे होते. ‘शिका’ हा दोन अक्षरांचा सुटसुटीत शब्द. त्यापुढील ‘संघटित’ आणि ‘संघर्ष’ हे दोन्ही ‘सं’ने आरंभ होणारे. घोषणा देणारा मनुष्य शेवटच्या शब्दावर श्वास मोकळा करतो आणि हात उंचावतो. त्यासाठी ‘व्हा’पेक्षा ‘करा’ हे क्रियापद अधिक सोयीचे पडते. ‘शिका, संघर्ष करा, संघटित व्हा’ असे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. शेवटी आवाज खाली उतरतो. हिंदीतील ‘शिक्षित बनो, संगठित रहो, संघर्ष करो’ या रूपातही ‘करो’ शेवटीच येते. क्रम कोणी तरी जाणूनबुजून, चळवळीला रस्त्यावर आणण्यासाठी फिरविला, असा आरोप काही लेखक करतात. आमच्या मते येथे कटापेक्षा कंठाचा भाग अधिक आहे. मिरवणुकीत जे सहज उच्चारता येते तेच टिकते. परंतु जे टिकते ते बरोबर असतेच असे नाही.

आता मुळाकडे वळू. बाबासाहेबांच्या सार्वजनिक कार्याचा विधिवत् आरंभ ज्या संस्थेने झाला, त्या २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे बोधवाक्य म्हणून हे तीन शब्द सांगितले जातात. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला. त्या परिषदेतील इंग्रजी भाषणाच्या अखेरीस बाबासाहेबांनी हाच उपदेश केला. त्यातील क्रम एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ असा होता. अठरा वर्षांचे अंतर पडूनही क्रम बदललेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

हे शब्द बाबासाहेबांनी स्वतः घडविले नव्हते. इंग्लंडमध्ये एच. एम. हाइंडमन यांनी १८८१ मध्ये स्थापन केलेल्या आणि १८८४ पासून सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेची ही घोषणा होती. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस हे काही काळ याच संघटनेत होते. तिचे सभासदपत्रही त्यांनीच रेखाटून दिले होते. फेबियन सोसायटीची स्थापनाही १८८४ चीच. त्या सोसायटीतील सिडनी व बिआट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस, बर्नार्ड शॉ या मंडळींच्या पुढाकाराने १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुरू झाले. बाबासाहेब तेथे प्रथम १९१६-१७ मध्ये आणि पुन्हा १९२० नंतर विद्यार्थी होते. ज्या वातावरणात ही घोषणा खेळत होती त्या वातावरणात ते वावरले, एवढे यातून निश्चितपणे म्हणता येते. सामीप्य म्हणजे पुरावा नव्हे, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

शब्द दुसऱ्यांचे होते असे म्हटल्याने बाबासाहेबांचे मोठेपण उणावते, असे वाटून कोणी कष्टी होऊ नये. तथागतांनीही ‘ब्राह्मण’, ‘यज्ञ’, ‘आर्य’ हे प्रचारातील शब्दच घेतले आणि त्यांना नवा अर्थ दिला. विद्वानांनी पाहावयाचे ते हे की, घेणाऱ्याने शब्दात काय घातले. हाइंडमनच्या इंग्लंडमध्ये ही घोषणा गिरणीतल्या आणि गोदीतल्या मजुरासाठी होती. त्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलीत नव्हते. महाडचे चवदार तळे ज्यांना १९२७ पर्यंत बंद होते, त्यांच्यासाठी तेच शब्द उच्चारताना त्यांचे वजन पालटते.

पहिला शब्द पाहू. ‘एज्युकेट’ हे इंग्रजीत सकर्मक क्रियापद आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ पालनपोषण करणे, वाढविणे असा होतो. ते एकाने दुसऱ्यासाठी करावयाचे काम आहे. ‘शिका’ असा अनुवाद करताच कर्म गळून पडते आणि क्रिया स्वतःपुरती उरते. मराठीतील ‘शिकणे’ हे पालीतील ‘सिक्खति’चे वंशज. ‘सिक्खति’च्या मागे असलेला संस्कृत ‘शिक्ष्’ हा ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप आहे. म्हणजे शिकणे याचा मूळ अर्थ समर्थ होण्याची इच्छा करणे. शब्द सुंदर आहे यात शंका नाही. परंतु पालीत शिकणे आणि शिकविणे यांत स्पष्ट भेद आहे. प्रयोजक रूप ‘सिक्खापेति’ असे होते. बाबासाहेबांच्या इंग्रजी शब्दाचा पाली अनुवाद करावयाचा झाल्यास ‘सिक्खथ’ नव्हे, ‘सिक्खापेथ’ असा करावा लागेल.

हा व्याकरणाचा काथ्याकूट वाटेल, पण तसे नाही. ज्या नागपूरला १९४२ मध्ये हा उपदेश झाला, त्याच नागपूरला त्याच जुलै महिन्यात, २० तारखेस, दलित महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले ते असे की, स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिक्षण द्या, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा आणि न्यूनगंड काढून टाका. त्या सभेतील बहुसंख्य बायांना अक्षरओळखही नसणार. ‘शिका’ या अर्थाने तो आदेश त्यांना पाळणे कठीण होते. ‘शिकवा’ या अर्थाने त्यांनी तो असा पाळला की पुढच्या दोन पिढ्या त्यावर उभ्या राहिल्या. वऱ्हाडात कापूस वेचून, तुरी सोंगून मुलाला वसतिगृहात ठेवणारी निरक्षर आई हीच या पहिल्या शब्दाची खरी भाष्यकार आहे. आम्ही पदवीधरांनी भाष्य केले ते फलकावर.

आणि म्हणूनच ‘शिका’ या रूपाची आम्हांस चिंता वाटते. स्वतः शिकून नोकरीस लागलेला मनुष्य ‘शिका’ हा आदेश आपण पूर्ण केला, असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो. ‘शिकवा’ हा आदेश त्याला तसे म्हणू देत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात बाबासाहेबांनी समाजातील सुशिक्षितांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती सर्वश्रुत आहे. ती ‘शिका’ न पाळणाऱ्यांविषयी नव्हती. ते लोक शिकलेलेच होते.

दुसरा शब्द सर्वांत अडचणीचा. ‘ॲजिटेट’चा अनुवाद ‘संघर्ष करा’ असा रूढ झाला. ‘संघर्ष’ हा ‘सम्’ आणि ‘घृष्’ यांपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ एकमेकांवर घासणे. दोन बाजू समोरासमोर आल्याशिवाय संघर्ष होत नाही. ‘ॲजिटेट’ला समोर प्रतिपक्ष असावाच लागतो असे नाही. लॅटिनमध्ये ‘हाकणे, चालविणे’ या अर्थाचा जो धातू आहे, त्याचे हे पौनःपुन्यदर्शक रूप. म्हणजे पुनःपुन्हा हलविणे, ढवळणे. तो लॅटिन धातू आणि आपला संस्कृत ‘अज्’ हे सख्खे भाऊ आहेत. पालीत तो ‘पाजेति’ या क्रियापदात शिल्लक राहिला आहे. धम्मपदाच्या दण्डवग्गात गुराखी काठीने गाई कुरणाकडे हाकतो, अशी उपमा येते; तेथे हेच क्रियापद आहे. नागपूरच्या सभेतील इंग्रजी शब्द आणि धम्मपदातील गुराख्याचा शब्द एका कुळीचे निघावेत, ही भाषाशास्त्राची गंमत. त्यापलीकडे तिला अर्थ चिकटवू नये.

शब्दाच्या कुळीपेक्षा त्याचा व्यवहार महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश राजकारणात ॲजिटेशन म्हणजे बंड नव्हे. आयर्लंडमध्ये डॅनियल ओकॉनेल यांनी १८२३ मध्ये कॅथलिक असोसिएशन स्थापन केली आणि सभा, वर्गणी, अर्ज यांच्या बळावर १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारे खुली करून घेतली. त्या रीतीला हा शब्द लावीत. लोकमत सतत ढवळत ठेवणे, अन्यायाची सवय लागू न देणे, हा त्याचा आशय. मराठीने या अर्थासाठी फार चांगला शब्द शोधला होता, तो म्हणजे ‘चळवळ’. एका जागी न बसणाऱ्या पोराला आपण आजही चळवळे म्हणतो. चळणे आणि वळणे, दोन्ही त्यात आहेत. पुढे ‘चळवळ’ या शब्दाला संघटनेचा, पक्षाचा अर्थ चिकटला आणि तो ‘ॲजिटेट’च्या जागी वापरण्यासारखा राहिला नाही.

पालीत मात्र या अर्थाचा शब्द जसाच्या तसा आहे. ‘विज्’ म्हणजे थरथरणे. त्याला ‘सं’ लागून ‘संवेग’ हा शब्द होतो आणि ‘संवेजेति’ म्हणजे मनाला हलविणे, अस्वस्थ करून जागे करणे. महापरिनिब्बान सुत्तात लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुसिनारा या चार स्थळांना ‘संवेजनीय’ म्हटले आहे. पुष्कळ अनुवादक त्याचे ‘पवित्र’, ‘दर्शनीय’ असे सौम्य भाषांतर करतात. ते अपुरे आहे. मनाला हलवून सोडणारी स्थळे, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या मते ‘ॲजिटेट’चा आशय मराठीत आणावयाचा तर ‘चेतवा’ हा शब्द ‘संघर्ष करा’पेक्षा या अर्थाला कितीतरी जवळचा आहे. चेतवावयाचे ते प्रथम मन. ज्ञान मिळाले की आपली स्थिती कळते, ती कळली की मन स्वस्थ बसत नाही, आणि अशी अस्वस्थ झालेली माणसे एकत्र आली तर ती संघटना टिकते. अस्वस्थतेवाचून झालेली संघटना ही सभासदांची यादी असते. १९२० चे ‘मूकनायक’, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे काय करीत होती? ती मन चेतवीत होती. फेडरेशन १९४२ मध्ये आले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नागपूरच्या त्याच भाषणात, त्या तीन शब्दांच्या लगतच, बाबासाहेबांनी लढ्याची भाषा वापरली आहे. हा लढा संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून स्वातंत्र्यासाठी आहे, माणुसकीच्या पुनःप्राप्तीसाठी आहे, या आशयाचे ते उद्गार आहेत. तेव्हा ‘संघर्ष’ हा शब्द अनुवादकाने हवेतून आणलेला नाही. तो शेजारच्या वाक्यातून आला आहे. हे मान्य. परंतु शेजारच्या वाक्यातील शब्द उचलून तो आदेशातील शब्दाच्या जागी बसविणे, हे भाषांतर नव्हे. शिवाय त्याच वाक्यात बाबासाहेब त्या लढ्याला आध्यात्मिक म्हणतात. त्या दिवसांत त्यांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नियुक्ती जाहीर झाली होती, हेही विसरू नये. शासनात पाऊल ठेवणारा माणूस आपल्या लोकांना ‘ॲजिटेट’ म्हणून सांगतो, तेव्हा त्याच्या मनात दंगल नसते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी संवैधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रह, कायदेभंग अशा मार्गांना रजा देण्यास सांगितले. महाड आणि काळाराम मंदिराचे लढे लढलेला पुरुष हे सांगत होता, म्हणून त्याचे मोल अधिक.

तिसऱ्या शब्दाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘संघटित’ हा अनुवाद चांगला आहे. एक लहानशी सूचना मात्र करावीशी वाटते. धम्मवर्गांतून ‘संघ’ आणि ‘संघटना’ हे एकाच धातूचे शब्द म्हणून सांगितले जातात, ते बरोबर नाही. ‘संघ’ हा ‘सम्’ व ‘हन्’ यांपासून आणि ‘संघटना’ हा ‘सम्’ व ‘घट्’ यांपासून आला आहे. ग्रीकमध्ये ‘ऑर्गन’ म्हणजे हत्यार, कामाचे साधन, त्यावरून अवयव. संघटित करणे म्हणजे प्रत्येक अवयवाला त्याचे काम देणे. वज्जींच्या अपराजितपणाची जी सात कारणे तथागतांनी सांगितली, त्यांत ‘समग्ग’ हा शब्द येतो: एकोप्याने जमणे, एकोप्याने उठणे, एकोप्याने कामे करणे. जमण्याइतकेच उठण्याला महत्त्व दिले आहे, हे आमच्या बैठकांचा अनुभव असलेल्या वाचकांस विशेष पटेल.

येथवर पाली शब्दांशी जी तुलना केली, तिच्यावरून हे तीन शब्द त्रिपिटकातून आले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे सांगितले. ते विधान त्या तीन तत्त्वांपुरते आहे. ते ओढूनताणून या तीन क्रियापदांना लावणे म्हणजे बाबासाहेबांच्या तोंडी न बोललेले वाक्य घालणे होय. १९२४ चे बोधवाक्य इंग्रजी राजकीय परंपरेतून आले. पाली शब्द त्याचा अर्थ उजळ करतात. त्याचे जनकत्व सांगत नाहीत.

मग फलकांचे काय करावे? कोट्यवधी मुखांतून गेलेली घोषणा विद्वानांच्या सूचनेने बदलत नाही आणि ती बदलावी असा आमचा हट्टही नाही. मिरवणुकीत जे म्हटले जाते ते म्हटले जावो. परंतु मुद्रणात काही पथ्ये पाळता येतील. मराठी वाक्य अवतरणचिन्हांत घालून त्याखाली ‘नागपूर, १९४२’ असे छापू नये. ते त्या भाषणाचे अक्षरशः भाषांतर नाही. इंग्रजी वचन द्यावयाचे तर मूळ क्रमानेच द्यावे, मग शेवटी ‘एस’ घातला काय किंवा ‘झेड’ घातला काय. देवनागरीत लिहावयाचे झाल्यास ‘ॲ’ हे अक्षर छापखान्यांच्या संगणकात आता उपलब्ध आहे. ‘अजिटेट’ असे लिहिण्याचे कारण उरलेले नाही. आणि विहारातील रविवारच्या वर्गात हे वचन समजावून देताना शिक्षकाने पहिल्या शब्दापुढे मुलांना एक प्रश्न विचारावा: कोणाला?